शारजात दिसणारा व्हिडिओ

रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवून झाली की वर जो पातळ भाग राहतो, तो धडधाकट माणसाचा असेल तर फिकट असतो, वाळल्या गवताच्या रंगाचा. काविळीच्या माणसाचा हळद कालवल्यासारखा दिसतो. मंजुळा कासारे डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढत होती. मशीनने आकडा सांगायच्या आधीच तिला नळीकडे बघून कळायचं. गणपती उठले त्यानंतरच्या आठवड्यात अशा हळदी नळ्या तिच्या हातून रोज दोन-तीन जायला लागल्या. चौथ्या दिवशी तिने फॉर्मवरचे पत्ते एकाखाली एक लावून वाचले. बहुतेक सगळे पत्ते आंबेतळ्याचे होते. ती स्वतः आंबेतळ्यातच राहायची.

आंबेतळं म्हणजे दिवा स्टेशनच्या पूर्वेला पंधरा वर्षांत भराभर उभी राहिलेली वस्ती. चाळी, चाळींच्या मध्येच घुसवलेल्या चार मजली इमारती, आणि भिंतींना चिकटून वाहणारी गटारं. पाणी दिवसाआड, तेही चाळीस मिनिटं. पाणी आलं की घरोघरच्या मोटरी एकदम चालू व्हायच्या. पाइप गटारातूनच गेलेले, त्यामुळे जिथे जोड ढिला असेल तिथून मोटर गटाराचंही पाणी ओढून घ्यायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं. वास आला की पहिल्या दोन बादल्या ओतून द्यायच्या आणि तिसरी भरायची, एवढाच त्यावरचा उपाय.

मंजुळाने आधी सरळ रस्ता धरला. लॅबच्या मालकीण जया मॅडम, त्यांच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "आपण रिपोर्ट वर कळवतो, मंजुळा. आपलं काम तेवढंच." मग ती वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पाण्याचे नमुने न्यायला माणूस येईल म्हणाल्या. सहा दिवस माणूस काही आला नाही. सातव्या दिवशी समोरच्या दारातली संचिता पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना तिला दिसली. संचिताला सातवा महिना लागला होता.

पाण्यातून होणाऱ्या काविळीचा एक प्रकार असतो. इतरांना तो महिनाभर लोळवतो आणि सोडून देतो. गरोदर बाईला सोडतोच असं नाही. मंजुळा हे पुस्तकात शिकली नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका बाईचं रक्त तिने सकाळी काढलं होतं, आणि संध्याकाळी तो रिपोर्ट न्यायला कोणी आलंच नव्हतं.

"संचिता, पाणी उकळतेस ना गं?"

"गाळून घेतो ना काकू. आईंनी तुरटी पण फिरवलेली."

"तुरटीने नाही जात ते. खळखळून उकळ, गार कर, मग पी. तुझ्या सासूबाईंना मी सांगते."

संचिता हसून "बरं काकू" म्हणाली आणि आत गेली. मंजुळा जिन्यातच उभी राहिली. हिला सांगून झालं. पण वस्तीत अशा आणखी किती असतील, आणि त्यांच्या दारात कोण जाणार?

तिची मुलगी अमृता बावीस वर्षांची. बाप, म्हणजे भगवान, सात वर्षांपूर्वी गेला तेव्हापासून दोघीच. अमृताने कॉलेजात असताना मोबाइलवर 'आपलं आंबेतळं' नावाचं एक पेज काढलं होतं. पाणी कधी येणार, कुठली लाइट गेली, कुणाचा पोरगा दहावीत पहिला आला, असलं सगळं ती त्यावर टाकायची. अकरा हजार लोक ते बघायचे.

"आई, तूच बोल ना," अमृता म्हणाली. "मी बोलले तर म्हणतील पोरगी व्ह्यूजसाठी करतेय. तू लॅबचा कोट घाल. लोक सिरियसली घेतात."

मंजुळाने कोट घातला. नळापाशी उभी राहिली. पावणेदोन मिनिटांचा व्हिडिओ झाला. ती म्हणाली, मी लॅबमध्ये रक्त काढते. गेल्या दोन आठवड्यांत आपल्या तीन गल्ल्यांमधले तेवीस जण काविळीचे निघाले. घाबरू नका, पण पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. घरात गरोदर बाई असेल तर तिला बिनउकळलेल्या पाण्याचा थेंब देऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर थांबू नका, दवाखाना गाठा. कुणाला नावं ठेवली नाहीत, कुठल्या साहेबाचं नाव घेतलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, "नमुने न्यायला माणूस पाठवा, एवढीच विनंती."

तीन दिवसांत तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. आंबेतळ्यात गॅसवर पातेली चढली. संचिताची सासू रखमाबाई, संगमनेरकडची, तिने मोठा टोप बाहेर काढला आणि मंजुळाला हाक मारून दाखवला. "बघ गं, तुझ्या सांगण्यावरनं सकाळ-संध्याकाळ उकळतीय. कोरड पडली तरी गार झाल्याबिगर हात लावू देत न्हाई सुनेला." चौथ्या दिवशी आरोग्य केंद्राचा माणूसही बाटल्या घेऊन आला. त्याने मंजुळाकडे पाहिलं नाही, पण बाटल्या भरून नेल्या. मंजुळाला वाटलं, चला, काम झालं.

पाचव्या दिवशी दुपारी अमृताचा लॅबमध्ये फोन आला.

"आई, व्हिडिओ गेला."

"गेला म्हणजे? तू काढलास?"

"मी कशाला काढू? कंपनीचा मेल आलाय. सरकारकडून कायदेशीर विनंती आली म्हणे, म्हणून हा मजकूर भारतात दाखवता येत नाही."

"मग अपील कर."

"केलेलं. मिनिटभरात उत्तर आलं. निर्णय कायम."

संध्याकाळी मंजुळा घरी येत होती तेव्हा भोंगा लावलेली रिक्षा गल्ल्यांतून फिरत होती. आंबेतळ्यातील पाणी तपासण्यात आलं असून ते पिण्यास योग्य आहे. समाजमाध्यमांवरील अफवांवर विश्वास ठेवू नये. अफवा पसरवणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल. त्याच संध्याकाळी मोबाइलवर एक चित्र फिरायला लागलं. त्यात मंजुळाचा कोट घातलेला फोटो आणि त्यावर तिरका लाल शिक्का: खोटे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तेवीस रुग्णांचा दावा असत्य आहे.

मंजुळाने दुसऱ्या दिवशी लॅबमधले फॉर्म पुन्हा काढून पाहिले. तेवीसमधले दोघे, बाप आणि लेक, खडवलीचे होते. आंबेतळ्यात नातेवाइकांकडे आले होते, आणि फॉर्मवर पत्ता नातेवाइकांचा होता. मागच्या बाजूला खडवलीचा. तिने मागची बाजू पाहिली नव्हती. म्हणजे आकडा एकवीस. एकवीस माणसं पिवळी पडली होती हे कुणी नाकारत नव्हतं. तेवीस नव्हती, म्हणून ते खोटं होतं.

तिचा धाकटा भाऊ राकेश शारजात एसी दुरुस्तीचं काम करायचा. त्याचा फोन आला.

"तायडे, लोक म्हणतायत व्हिडिओ काढला. इकडे तर दिसतोय मला. आत्ता बघतोय. तू नळाजवळ उभी आहेस."

"तिकडे दिसतोय?"

"एकदम क्लिअर. आमच्या रूमवर केरळचे दोघं आहेत, त्यांनाही दाखवला."

शारजातल्या त्या खोलीत तीन माणसं बसून ऐकत होती, की आंबेतळ्याचं पाणी उकळून प्या.

राकेशने व्हिडिओ उतरवून पाठवला, आणि मंजुळाने तो वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तो पुसला गेला. ग्रुप चालवायचे सहदेव भाऊ, गिरणीतून निवृत्त झालेले, चाळ कमिटीचे अध्यक्ष. ते स्वतः दारात आले. चपला बाहेर काढून आत बसले, पाणी प्यायले. उकळलेलंच.

"मंजुळाताई, तुमचं खरं आहे. माझ्या नातवाचेच डोळे पिवळे झालेले, मला काय कळत नाही? पण ग्रुपवर काही आलं की जबाबदार ॲडमिन. काल मला फोन आलेला."

"कुणाचा?"

"नाव नाही सांगितलं त्याने. नुसतं म्हणाला, काका, या वयात कशाला?" सहदेव भाऊंनी पेला खाली ठेवला. "मी आता ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून ठेवलंय. राग मानू नका."

राग कुणाचा मानायचा, हेच मंजुळाला समजेना.

कंपनी म्हणत होती, सरकारने सांगितलं. कुठल्या सरकारने, तर ते सांगता येत नाही. मंजुळा जवळच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथे म्हणाले, असलं आमच्याकडे नसतं, ठाण्याला जा. तिने रजा टाकली आणि ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर पावणेदोन तास बाकड्यावर बसली. आत एक तरुण अधिकारी होता, चष्मेवाला, आवाज मऊ. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. याच माणसाचा तिला नंतर कित्येक दिवस राग येऊ शकला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटायचं.

"साहेब, आदेश कुणी काढला?"

"आदेश नाही म्हणता येणार. सूचना असते. आम्ही पोर्टलवर टाकतो. काढायचं की नाही ते कंपनी ठरवते."

"कंपनी म्हणते तुम्ही ठरवलं."

"ते तसंच म्हणणार."

"मग ती सूचना मला दाखवा."

"मॅडम, ती गोपनीय असते."

"पण व्हिडिओ माझा आहे."

"व्हिडिओ तुमचा आहे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "सूचना तुमची नाही."

मंजुळाने पिशवीतून कागद काढला. तिने हाताने एकवीस जणांची यादी केली होती, नावं न लिहिता, फक्त वय, गल्ली आणि तारीख. अधिकाऱ्याने ती वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"मागच्या वर्षी एका वस्तीत टँकर येणार असा खोटा मेसेज फिरला," तो म्हणाला. "चेंगराचेंगरी झाली. एका म्हातारीचा पाय काढावा लागला. तेव्हा तुम्हीच लोक विचारत होतात, सरकारने थांबवलं का नाही."

"तो मेसेज खोटा होता, साहेब. हे खरं आहे."

"तेवीस खरे आहेत?"

मंजुळाने मान खाली घातली. "एकवीस."

"बघा," तो म्हणाला. आवाजात विजय वगैरे काही नव्हता. हिशेब जुळल्यावर कारकून वही मिटतो तसं म्हणाला, आणि तिची यादी तिच्याकडे सरकवली.

मग त्याने दुसरा विषय काढला. पेज अमृताच्या नावावर आहे ना? मुलगी नोकरीच्या शोधात आहे ना? अमृताचं एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये ठरल्यात जमा होतं, फक्त पोलीस पडताळणी व्हायची होती. ते याला कसं ठाऊक, हे मंजुळाने विचारलं नाही. त्याने एक छापील हमीपत्र पुढे केलं. आरोग्य, पाणी किंवा सार्वजनिक सेवांविषयी कोणतीही अप्रमाणित माहिती मी प्रसारित करणार नाही. "सही केलीत तर इथेच मिटेल. मुलीचं नाव कुठे येणार नाही. मी तुम्हाला मोठ्या भावासारखं सांगतोय." तो तिच्याहून निदान पंधरा वर्षांनी लहान होता.

मंजुळाने सही केली. खाली तारीख घातली, आणि सवयीने वेळही लिहिली, लॅबमध्ये नमुन्यावर लिहितात तशी.

लॅबमधली नोकरी त्याच महिन्यात गेली. जया मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. "तू कोट घालून बोललीस, मंजुळा. रुग्णांची माहिती लॅबबाहेर नेलीस. दोन्ही चुकीचं आहे, तुलाही कळतं ते. आणि आता परवान्याची तपासणी करायला लोक आले होते. एकोणीस वर्षांत कधी आले नव्हते." त्यांचे डोळे भरले होते. "माझ्याकडे आणखी अकरा जण कामाला आहेत गं." मॅडमच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

अमृताने तरीही धीर सोडला नव्हता. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. सूचना कुणी दिली, कुठल्या कलमाखाली, कधी. पस्तीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं की गोपनीयतेच्या तरतुदीमुळे माहिती देता येत नाही. कल्याणच्या कोर्टात एका वकिलाला भेटली, तर तो म्हणाला, "हायकोर्टात जाता येतं. पण ज्या कागदाला आव्हान द्यायचं तो कागद आधी हातात असावा लागतो. तो मिळवण्यातच वर्ष जाईल, आणि तोवर काविळीची साथ तर संपलेली असेल." तो चांगला माणूस होता. त्याने फी घेतली नाही.

मधल्या काळात आंबेतळ्यातली पातेली एकेक करून गॅसवरून उतरली होती. त्यात लोकांचा काही दोष नव्हता. भोंगा सांगत होता पाणी चांगलं आहे, मोबाइल सांगत होता बाई खोटारडी आहे, आणि सिलिंडर तर नंबर लावूनही वेळेवर येत नव्हता. मंजुळा जिथे भेटेल तिथे तोंडाने सांगायची. काही जणी मान हलवायच्या. काही जणी तिला येताना बघून दार ओढून घ्यायच्या, कारण हिच्याशी बोलताना कुणी पाहिलं तर आपल्यालाही फोन येईल अशी भीती वस्तीत पसरली होती. खरं तर सहदेव भाऊंखेरीज कुणालाच फोन आला नव्हता.

दिवाळी होऊन दहा दिवस झाल्यावर, सकाळी, संचिताचा नवरा बंटी मंजुळाच्या दारात आला. तो टेम्पो चालवायचा.

"काकू, जरा येता का? संचिताला कालपासून उलट्या होतायत. आई म्हणते पित्त आहे."

मंजुळा गेली. संचिता भिंतीला टेकून बसली होती. मंजुळाने तिला खिडकीशी नेलं, खालची पापणी बोटाने ओढली, आणि पाहिलं. तिने एकोणीस वर्षं नळ्या पाहिल्या होत्या. इथे नळीची गरज नव्हती.

"बंटी, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता. कळव्याच्या दवाखान्यात नको थांबू, सरळ मोठ्या हॉस्पिटलला ने."

"काकू, काय झालंय?" संचिताने विचारलं.

"काही नाही गं. सलाइन लावतील."

रखमाबाई दारात उभी होती. मंजुळाने तिच्याकडे पाहिलं आणि विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं, "मावशी, पाणी उकळत होतात ना?"

रखमाबाई वळून संचिताच्या चपला शोधायला लागली.

हॉस्पिटलमध्ये पाच दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संचिता माणसं ओळखेनाशी झाली. बंटीला ती "दादा" म्हणायला लागली, गावी असलेला आपला भाऊ समजून. चौथ्या दिवशी बाळ पोटातच गेलं. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. चोवीस वर्षांची होती.

मंजुळाने डॉक्टरांना गाठून विचारलं, लागण कधी झाली असेल. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कधीही. मंजुळाने घरी येऊन कॅलेंडर काढलं. दोन महिने मागे गेलं तर व्हिडिओच्या आधीचे दिवस यायचे. चार आठवडे मागे गेलं तर भोंग्याच्या नंतरचे. कदाचित व्हिडिओ राहिला असता तरीही संचिता गेली असती. कदाचित राहिला असता तर वाचली असती. तिला हे कधीच कळणार नव्हतं, आणि ते कळणार नाही हेच तिला सर्वांत जास्त छळायचं. मृत्यूच्या दाखल्यावर यकृत निकामी झाल्याचं लिहिलं होतं. पाण्याचं नाव नव्हतं.

दहाव्याचं आटोपल्यावर रखमाबाई आपणहून मंजुळाकडे आली. खाली फरशीवर बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं, ते संपलं असावं.

"पाच-सहा दिस उकळलं मी," ती म्हणाली. "मग रिक्षा आली. तुझा व्हिडिओ बी दिसंना. बंटीला म्हटलं दाव मला परत, तर त्याला सापडंना. मला वाटलं, खोटाच असंल, म्हणून काढला." ती मंजुळाच्या तोंडाकडे बघत राहिली. "खरा होता, तर काढला कशाला गं?"

मंजुळाने तिचा हात धरला. कोणी काढला हे तिला माहीत असतं, तर निदान नाव सांगितलं असतं.

अमृताला त्या दिवशी राहवलं नाही. तिने पेजवर संचिताचा लग्नातला फोटो टाकला आणि खाली लिहिलं: ही गेली. पाणी उकळा, असं सांगणारा व्हिडिओ तुम्हाला दिसू दिला नाही. हमीपत्राचं तिला भान नव्हतं असं नाही. दोन तासांत तो फोटो गेला, आणि त्याच्याबरोबर आख्खं पेजही गेलं. चार वर्षांच्या साडेसहाशे पोस्ट. दहावीत आलेली पोरं, वस्तीतली लग्नं, पहिल्यांदा रस्त्यावर दिवे लागले तो दिवस, सगळं. राकेशने शारजाहून सांगितलं, "ताई, आता इकडेही दिसत नाही."

पडताळणीत अमृताचं नाव अडकलं नाही. अधिकाऱ्याने शब्द पाळला होता. ती कॉल सेंटरला लागली. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती लोकांना कार्डाचे नियम समजावते, आणि घरी आल्यावर फोन पालथा ठेवते. एकदा मंजुळाने विचारलं, नवीन पेज काढायचं नाही का? अमृता म्हणाली, "काढून काय टाकू, आई? रांगोळ्या?" मग खरंच तिने एक पेज काढलं, मेंदीच्या नक्ष्यांचं. त्याला कुणी हात लावला नाही.

डिसेंबरात एका सकाळी माणसं आली आणि दोन दिवस गटारालगत खणून तीन गल्ल्यांचा पाइप बदलून गेली. पेपरात आलं, आंबेतळ्यात जलवाहिनीची नियमित देखभाल. मंजुळाने खड्ड्यातून निघालेला जुना पाइप पाहिला. जोडापाशी हाताची बोटं जातील एवढं भोक होतं. तिने फोन काढला, फोटो घ्यायला वर धरला, आणि परत पिशवीत ठेवला.

ती आता बाळकुमला एका आजारी आजींना सांभाळायला जाते. सकाळी निघते, पाचला परत येते. जानेवारीत एका रविवारी मागच्या गल्लीतली रचना तिच्याकडे आली. तिथला पाइप बदललेला नव्हता. तिच्या दिराचे डोळे पिवळे झाले होते, शेजारच्या दोघींचेही. आणि गल्लीत दोन गरोदर बायका होत्या.

"ताई, तुम्ही बोला ना परत. तुमचं ऐकतील लोक."

"मी नाही बोलू शकत गं व्हिडिओवर. सही केलीय मी."

"मग बाकीच्यांना कळणार कसं?"

मंजुळा उठली. मग चपला घातल्या. "चल. दारोदार जाऊ."

पहिल्या दारात त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दारातल्या म्हातारीला ऐकू कमी येत होतं, तिला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्या घरी त्या गरोदर बायकांपैकी एक होती, कोवळी पोर, तिने वही आणून किती मिनिटं उकळायचं ते लिहून घेतलं. मंजुळाला बऱ्याच महिन्यांनी छातीत मोकळं वाटलं. चौथ्या दारात एक तरुण बाई उभी होती. तिचंही पोट दिसत होतं. मंजुळाने बोलायला सुरुवात केली, तशी तिने डोळे बारीक केले.

"तुम्ही त्याच ना? लाल शिक्क्याच्या?"

"अगं, ऐकून तर घे. पाणी..."

"ते तुम्ही खोटं सांगितलेलं. आमच्या यांनी दाखवलं मला मोबाइलवर." तिने आतून फोन आणला आणि मंजुळाच्या तोंडासमोर धरला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू होता. "हां, आता बोला. काय म्हणत होता पाण्याबद्दल? नाव सांगा आधी तुमचं."

रचना म्हणाली, "अगं ए, खाली घे तो फोन." पण बाईने घेतला नाही. आजूबाजूच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली.

मंजुळाच्या डोळ्यांसमोर ते छापील हमीपत्र आलं, आणि त्यावरची तिची सही. कॉल सेंटरमध्ये बसलेली अमृता आली. समोर त्या बाईचं पोट होतं, सहा महिन्यांचं असावं, फार तर सात. तोंडातून एकच वाक्य काढायचं होतं. तिने ओठ उघडले, फोनकडे पाहिलं, आणि मिटले.

"काही नाही," ती म्हणाली. "चुकून आले मी." पदर तोंडावर ओढून ती वळली. रचना मागून हाका मारत होती. मंजुळा गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, थांबली नाही. नळाला पाणी आलं होतं, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतल्या मोटरी चालू झाल्या होत्या.